राजारामपुरीतलं रेसिंग सिम्युलेटर : स्टिअरिंग झकास, ब्रेक पोकळ

शिरोलीत माझं लेथचं काम, त्यामुळं मशीनचा ढिलेपणा हाताला लगेच कळतो. रविवारी पुतण्याला घेऊन कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका सिम्युलेटर सेंटरला गेलो, म्हणजे पडद्यासमोर सीट, स्टिअरिंग, पेडल घेऊन शर्यतीची गाडी चालवायची जागा. अर्ध्या तासाला २५० रुपये. ट्रॅक फ्रान्समधला शर्यतीचा ल मान्स, एक फेरी १३.६२६ किलोमीटरची. गाडी पोर्शे ९११.

या गाडीचं इंजिन मागं. वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढं सरकतं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट फिरतं. ते फिरायच्या आधी स्टिअरिंग बोटांना सांगतं. हा भाग नाद खुळा!

ब्रेकचं पेडल मात्र निम्म्यापर्यंत पोकळ. मुल्सानच्या लांब सरळ रस्त्यावरच्या पहिल्या शिकेनला (वेग कमी करायला लावणारं नागमोडी वळण) दोनदा खडीत गेलो. तक्रार केल्यावर तिथल्या पोरानं पेडलखाली रबराचा तुकडा सरकवला. तेवढ्यावर ४:३१ मिनिटांची फेरी ४:२४ वर आली. (२०२३ च्या खऱ्या ल मान्स शर्यतीच्या क्वालिफाइंगला, म्हणजे सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या फेऱ्यांना, फेरारी ४९९पी नं ३:२२.९८२ काढलेत, पण ती वरच्या वर्गातली गाडी. आपण कशाला जळायचं?)

सीट मागंपुढं होत नाही, पुतण्याचे पाय पुरेनात. एसी ठीक. परत जाणार, पण कोपऱ्यातल्या सीटवर. तिचं पेडल घट्ट आहे, दाबून बघून आलोय.