रंगाच्या दुकानातील जायरो मिक्सर: पात्याविना ढवळणी

बेसमध्ये, म्हणजे मूळ रंगात, कलरंट (शेड आणणारे रंगद्रव्य) सोडणाऱ्या टिंटिंग मशीनच्या शेजारी नुसते हादरे देणारा शेकर ठेवावा की जायरो मिक्सर, असा प्रश्न पडलेल्या रंगविक्रेत्याने, वीस लिटरच्या बादल्या जास्त खपत असतील तर, किंमत अधिक असूनही जायरोच घ्यावा, असे तो वापरल्यानंतरचे माझे मत आहे.

या यंत्रात झाकण लावलेला डबा दोन तबकड्यांमध्ये आवळला जातो आणि स्वतःच्या आसाभोवती फिरत असतानाच त्याला धरणारी चौकट आडव्या आसाभोवती फिरते. सगळी किमया या दुसऱ्या फिरण्यात आहे. काठोकाठ भरलेला डबा एकाच आसाभोवती फिरवत राहिलो, तर भिंतीलगतचा रंग आधी व आतला मागाहून गती घेतो, आणि एकदा सगळा रंग डब्याच्याच वेगाने फिरू लागला की आत काही मिसळायचे उरत नाही. आसाची दिशाच सतत बदलत राहिली, म्हणजे ज्याला परांचन म्हणतात ते घडले, की द्रवाला स्थिरावायला उसंत मिळत नाही. डबा एका दिशेला वळतो, आतला रंग जुन्या दिशेचा हट्ट धरतो, आणि या ओढाताणीतून निर्माण होणारे प्रवाह कलरंटचे पट्टे ताणत, दुमडत विरवून टाकतात. जर्मनीतील ड्रेस्डेनजवळच्या संशोधन केंद्राने सुमारे 8 टन द्रवरूप सोडियम मावणारे, 2 मीटर व्यासाचे नळकांडे याच तत्त्वावर फिरवण्यासाठी उभारले आहे. अशा प्रवाहातून चुंबकीय क्षेत्र उपजते का, हे त्यांना पाहायचे आहे. आपल्याला शेड जुळली तरी पुरे.

आणि ती जुळते. इमल्शनच्या बादलीला सहसा दोन-तीन मिनिटे पुरतात. गडद निळी शेड काढून झाकण उघडल्यावर पृष्ठभाग एकसारखा दिसतोच, पण खरी परीक्षा पट्टी तळाच्या कडेवरून, म्हणजे बूड आणि भिंत मिळतात तिथून, फिरवून वर काढण्यात असते. पांढऱ्या बेसची एखादी रेघ राहिली तर ती तिथेच सापडते. पाते रंगात बुडत नसल्याने आधीच्या शेडचा अंश पुढच्या डब्यात जात नाही आणि धुण्याचे कामही वाचते.

घट्ट मालाच्या बाबतीत मात्र अपेक्षा आवराव्यात. टेक्स्चर किंवा जाड प्रायमर इतका चिकट असतो की डब्याशी एकजीव होऊन फिरतो, आत सापेक्ष हालचाल फारशी उरत नाही, आणि वेळ दुप्पट करूनही फरक बेताचाच पडतो. बराच काळ पडून तळाशी दगडासारखा बसलेला बेस तर आधी हाताने खरवडून सैल करावाच लागतो. विक्रेत्याने दाखवलेल्या प्रात्यक्षिकात अर्थातच ताजा माल होता.

एक लिटरचा डबा तबकडीच्या मध्यावर काटेकोर न ठेवल्यास चौकट हेलकावे घेते व आवाज वाढतो. आवळण्याचा दाब पत्र्याच्या छोट्या डब्यांसाठी कमी करता येतो की नाही, हे खरेदीपूर्वी विचारून घ्यावे, कारण आमच्या यंत्रात तो आपोआप ठरतो आणि पातळ पत्र्याचे डबे कधीकधी चेपतात.