टीआर६ला ल्युकसचं मेकॅनिकल इंजेक्शन: भाग जमवण्यात चौदा महिने, वापरात अकरा

माझी ट्रायम्फ टीआर६ ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी सीएफ क्रमांकाची आहे, म्हणजे अमेरिकेसाठी बनलेली, दोन स्ट्रॉमबर्ग कार्बोरेटरवाली. तिकडच्या धुराच्या नियमांमुळे त्या गाड्यांना ल्युकस कंपनीचं पेट्रोल इंजेक्शन मिळालंच नाही. तेच २४९८ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन, पण इंजेक्शनवाल्या गाडीत सहा बटरफ्लाय (हवेची वाट उघडणाऱ्या झडपा) आणि आपल्या गाडीत दोन कार्बोरेटर, हे मला कायम खटकत होतं. मूळचे भाग जमवायला चौदा महिने गेले. आता गाडी त्यावर अकरा महिने आणि ७,२०० किमी चालली आहे. जमवताना माझं सगळं लक्ष मीटरिंग युनिटवर, म्हणजे पेट्रोल मोजून देणाऱ्या भागावर होतं. प्रत्यक्षात छळलं ते टाकी आणि पंप यांच्यामधल्या दीड फूट पाइपने.

ही यंत्रणा समजून घेतल्याशिवाय खरेदीला निघू नका. पंप पेट्रोलला सुमारे ७ बारचा दाब देतो. मीटरिंग युनिट डिस्ट्रिब्युटरच्या पेडेस्टलमधून (तो ज्या बैठकीवर बसतो तिच्यातून), इंजिनच्या निम्म्या वेगाने फिरतं. त्याच्या आत एक छोटं शटल पुढे-मागे सरकतं आणि प्रत्येक सरकण्याला एका सिलिंडरचं पेट्रोल मोजून देतं. ते किती सरकणार हे मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) व्हॅक्यूम ठरवतो: व्हॅक्यूम जास्त तर पेट्रोल कमी, व्हॅक्यूम पडला की पेट्रोल जास्त. कुठेही इलेक्ट्रॉनिक डोकं नाही. त्यामुळे युनिटची सेटिंग तुमच्या कॅमशाफ्टला (इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या दांड्याला) जुळली पाहिजे, आणि ते आधी बघितलं पाहिजे. इंजेक्शनवाल्यांपैकी सुरुवातीच्या, सीपी क्रमांकाच्या गाड्यांचा कॅम तिखट, आयडलिंगला व्हॅक्यूम कमी. त्यांची ताकद १५० बीएचपी सांगितली जायची. १९७३ मॉडेलपासूनच्या सीआर गाड्यांचा कॅम सौम्य आणि आकडा १२४, यातला काही फरक तर मोजण्याच्या पद्धतीचाच आहे. मला इंजिन उघडायचं नव्हतं आणि माझा कॅम सौम्य, म्हणून मी सीआरचंच युनिट शोधत राहिलो. सीपीची दोन चांगली युनिट्स त्यासाठी सोडून दिली, आणि ते बरोबरच केलं असं आजही वाटतं.

‘पूर्ण सेट’ म्हणून जे खोकं घरी आलं ते पूर्ण नव्हतं. थ्रॉटल बॉडी तीन होत्या, पण त्यातली एक दुसऱ्याच गाडीची. लिंकेजचा एक रॉड गायब. युनिट बाहेरून चकचकीत, आत रोटरवर गंजाचे ओरखडे. पेट्रोल हेच या युनिटचं वंगण, ते कोरडं फिरलं किंवा पाण्यात पडून राहिलं की संपलं. विकणाऱ्याशी वाद घालून काही निघालं नाही. शेवटी युनिट खास याच कामाच्या माणसाकडून नव्याने बांधून, बेंचवर तपासून घेतलं. सील्स सगळी व्हायटॉनची टाकली, कारण इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलपुढे जुनं रबर टिकत नाही. पेडेस्टल आणि डिस्ट्रिब्युटर वेगळे शोधावे लागले. कार्बोरेटरवाल्या गाडीचे चालत नाहीत. थ्रॉटल बॉडी घेताना एकच गोष्ट करा: स्पिंडल चिमटीत धरून वर-खाली हलवून बघा. खेळ जाणवला तर बुश बदलायचा खर्च धरूनच भाव करा. मॅनिफोल्ड मात्र आपल्या हेडचं गॅस्केट वर ठेवून, पोर्ट जुळतात हे डोळ्यांनी बघूनच घ्यायचे.

इंजेक्टर गाडीत बसवण्याआधी बाटल्यांची चाचणी केली. उघड्यावर, कॉइलची वायर काढून, प्लग काढून, अग्निशामक हाताशी ठेवून. सहा सारख्या काचेच्या बाटल्या, प्रत्येकीत एक इंजेक्टर, पंप चालू, आणि स्टार्टरवर इंजिन फिरवलं. पाच बाटल्यांत बारीक धुक्यासारखा शंकू पडत होता. चौथीत सरळ धार, काचेवरून ओघळत जाणारी. तो इंजेक्टर उघडला तर तोंडाशी जुन्या नायलॉन पाइपचा नखाएवढाही नाही असा कपटा. काढला, धुतला, परत लावला, आणि सहाही बाटल्यांची पातळी एका रेषेत आली. त्या बाटल्यांकडे मी बराच वेळ बघत बसलो होतो.

पहिल्यांदा चालू केल्यावर दोन सिलिंडर मिसिंग. यावर जुना उपाय आहे: नायलॉन पाइप बोटाच्या पेरांत हलका धरायचा. इंजेक्टर चालत असेल तर नाडीसारखी टिकटिक लागते. जिथे लागत नाही तिथे हवा अडकलेली. तो इंजेक्टर बाहेर काढून बाटलीत सोडला की हवा निघते. पंधरा मिनिटांत सहाही नाड्या लागल्या.

दोन महिन्यांनी उन्हाळ्यात खरा त्रास सुरू झाला. टाकी पाव भरलेली, तासभर गाडी चालली की पंपाचा गुणगुणता आवाज चिरका व्हायचा, इंजिन खोकायचं आणि बंद. अर्ध्या तासाने जसं काही घडलंच नाही तशी पुन्हा चालू. मी युनिटवर संशय घेतला, पंपावर घेतला, दाबाची रिलीफ व्हॉल्व्हसुद्धा बदलली. सगळा खर्च वाया. दोष माझ्या जोडणीत होता. रोलर जातीचा पंप ढकलण्यात पटाईत, ओढण्यात कच्चा. मी त्याच्या आधी बारीक कागदी फिल्टर लावला होता, पाइप ८ मिमीचा होता, वर एक वळण. पंप ओढायचा, त्या पाइपमधला दाब पडायचा आणि गरम पेट्रोलची तिथेच वाफ व्हायची. शिवाय रिटर्नचं, म्हणजे न वापरता टाकीकडे परत येणारं गरम, फेसाळ पेट्रोल टाकीत नेमकं पंपाकडे जाणाऱ्या तोंडाशी पडत होतं.

पंप टाकीच्या तळाहून खाली उतरवला, पाइप १२ मिमीचा सरळ टाकला, त्याच्यावर जाड जाळीचा मोठा फिल्टर आणि बारीक फिल्टर पंपाच्या पुढे, दाबाच्या बाजूला. रिटर्न दूर नेला. त्याच वेळी मल्टिमीटर लावला: बॅटरीवर १३.८ व्होल्ट, पंपावर ११.२. रिले आणि जाड वायर टाकल्यावर १३.४ झाले. त्यानंतर गाडी एकदाही बंद पडलेली नाही. या सगळ्याचा खर्च युनिटच्या खर्चापुढे काहीच नव्हता, आणि भाग जमवण्याच्या माझ्या यादीत यातली एकही वस्तू नव्हती. तुमच्या यादीत पहिल्या पानावर लिहा. आघाताने पंप बंद करणारा इनर्शिया स्विचही तिथेच लिहा. ७ बारच्या पेट्रोलशी खेळ नको.

कार्बोरेटरवाल्यांना चकवणारी एक गोष्ट. कार्बोरेटरच्या गाडीत व्हॅक्यूमचा पाइप फाटला की मिक्श्चर लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. इथे युनिटकडे जाणारी बारीक नळी सुटली की उलट रिच होतं, कारण व्हॅक्यूम पडला म्हणजे चालकाने पाय दाबला असं युनिट समजतं. नवव्या महिन्यात प्लग काळे पडायला लागले तेव्हा मी सरळ नळ्या तपासल्या. एकीला टोकाशी चीर होती.

चालवायला कशी आहे? पाय ठेवताक्षणी उत्तर देते. कार्बोरेटरवर २,००० आरपीएमखाली जो क्षणभराचा अडखळा होता तो पूर्ण गेला, आणि ३,००० च्या पुढे आवाजच वेगळा आहे. अमेरिकी गाड्यांचं कॉम्प्रेशन कमी असल्यामुळे १२४ चा आकडा माझ्याकडे नाही, हे मला माहीत आहे. लिटरला ८ किमीच्या आसपास पडतं. सहा बटरफ्लाय दर २,००० किमीला हवेच्या मीटरने जुळवतो, नाहीतर आयडलिंग लगेच बिघडतं. गाडी उभी ठेवायची असेल तरी दर पंधरवड्याला पंप चालू करून इंजिन दहा मिनिटं फिरवतो, युनिट कोरडं पडू नये म्हणून.

इंजेक्टरच्या ओ-रिंगचा एक जास्तीचा सेट आणि चीर पडलेल्या त्या नळीसारख्या नळीचा मीटरभर तुकडा आता डिकीत कायम असतो. पुढच्या महिन्यात कॉम्प्रेशन वाढवण्यासाठी हेड घासायला देतोय. त्यानंतर युनिटची सेटिंग पुन्हा तपासावी लागेल, म्हणून आत्ताचे व्हॅक्यूमचे आकडे वहीत उतरवून ठेवले आहेत.