आधी माशाचं तोंड बघा, मग रॉड: गोड्या पाण्यातल्या गळासाठी तुलना

दुकानात रॉड हातात आला की बहुतेक जण तो हवेत दोन-चार वेळा हलवतात, मान डोलावतात आणि किंमत विचारतात. मीही कित्येक वर्षं तेच केलं. हलवून रॉड हलका आहे की जड एवढं कळतं. तो तुमच्या कामाचा आहे का, हे मुठीच्या वर बारीक अक्षरांत छापलेलं असतं: लांबी, दोरीची ताकद आणि किती वजनाचं आमिष फेकायचं याची मर्यादा. लोक लांबी बघून थांबतात. मी आधी तिसरा आकडा बघतो.

रॉड म्हणजे एक स्प्रिंग. फेकताना ती आमिषाच्या वजनाने मागे वाकते आणि सरळ होताना आमिष पुढे भिरकावते. १० ते ४० ग्रॅमच्या रॉडला ३ ग्रॅमचा स्पिनर (फिरत्या पात्याचं धातूचं आमिष) लावला तर रॉड वाकतच नाही. मनगट दुखतं आणि स्पिनर पायाशी पडतो. उलट ५ ते १५ ग्रॅमच्या रॉडने ६० ग्रॅमचं शिसं जोरात मारलं, तर शिशाबरोबर टोकही पाण्यात जायची भीती. म्हणून माझे प्रश्न दोनच. आमिष किती वजनाचं? आणि ज्या माशासाठी निघालो आहे त्याचं तोंड कसं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर रॉडवर शोधायचं तर दोन शब्द वेगळे ठेवावे लागतात, कारण विकणारेही त्यांची सरमिसळ करतात. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो: अल्ट्रालाइट, लाइट, मीडियम, हेवी. ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट रॉडचं वरचं टोक तेवढं वाकतं, मॉडरेटचा वरचा अर्धा भाग, आणि स्लो रॉडची पार मुठीपर्यंत कमान होते. हेवी असून मॉडरेट, लाइट असून फास्ट, असे सगळे जोड मिळतात. ‘कडक रॉड द्या’ म्हणालात तर यातलं काय हातात पडेल, देव जाणे. त्यात एका कंपनीचा मीडियम दुसरीच्या मीडियम-हेवीइतका निघतो. ग्रॅमचा आकडा त्या मानाने प्रामाणिक असतो.

रोहू, कटला, मृगळ, कार्प

या सगळ्यांचे ओठ मांसल आणि मऊ. गळ सहज रुततो आणि तितकाच सहज फाटून निघतो. मासा जड, धाव लांब. त्यामुळे इथे लांब आणि मऊ वाकणारा रॉड हवा, यावर फारसा वाद नाही. वाद आहे तो फ्लोट (पाण्यावर तरंगणारी खूण), फीडर (तळाशी टाकायची चाऱ्याची जाळी) आणि कार्प रॉड यांपैकी कोणता, याचा.

फ्लोटचा रॉड ११ ते १३ फुटांचा असतो. इतकी लांबी दूर फेकण्यासाठी असते असा गैरसमज आहे. लांब रॉडमुळे दोरी पाण्यावरून उचलून धरता येते आणि फ्लोट बुडाला की मधली ढिली दोरी एका झटक्यात ताणली जाते. शिवाय फ्लोट दोरीवर पक्का बांधला तर त्याच्याखाली साधारण रॉडच्या लांबीइतकीच दोरी सोडता येते. पाणी त्याहून खोल असेल तर सरकता फ्लोट वापरावा लागतो. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. एकाच जागी बसून खोली बदलत तिघांनाही आमिष दाखवायचं असेल, तर फ्लोटच्या रॉडइतकं लवचीक साधन दुसरं नाही.

फीडर रॉडला दोन-तीन बदलती टोकं येतात आणि ती औंसांत (१ औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम) मोजतात. साचलेल्या पाण्यात अर्धा किंवा १ औंसाचं टोक, वाहत्या पाण्यात २-३ औंसांचं. प्रवाहाच्या ओढीने जे पार वाकून जात नाही, अशातलं सगळ्यांत नाजूक टोक लावायचं. मृगळासारखा तळावर चरणारा मासा आमिष फार अलगद उचलतो. तेवढी हालचाल फीडरचं टोक दाखवतं, जाड रॉडवर ती कळतही नाही. तळाच्या मासेमारीसाठी, मासे पाच-सहा किलोंच्या आत असतील तर, मी डोळे झाकून फीडर घेईन.

कार्प रॉडवर ग्रॅमऐवजी बऱ्याचदा ‘टेस्ट कर्व्ह’ लिहिलेला असतो: २.७५ पौंड, ३ पौंड वगैरे. रॉडचं टोक मुठीशी काटकोनात यायला जेवढी ओढ लागते, तो हा आकडा. ढोबळ हिशेब असा की दर पौंडामागे एक औंस शिसं. म्हणजे ३ पौंडांचा रॉड ३ औंस, साधारण ८५ ग्रॅम, आरामात फेकतो. पाचने गुणलं की त्याला शोभणाऱ्या दोरीची ताकद निघते: १५ पौंड. रिचर्ड वॉकर या इंग्रज गळवाल्याने १९५२ साली ४४ पौंडांचा, म्हणजे जवळपास २० किलोंचा कार्प काढला, आणि त्याने घडवलेल्या बांबूच्या मार्क फोर रॉडचा टेस्ट कर्व्ह होता दीड पौंड. आजचे ३ किंवा ३.५ पौंडांचे रॉड माशाच्या जोरासाठी नसून दूर फेकण्यासाठी आहेत, हे यावरून ध्यानात यावं. काठापासून वीस-तीस पावलांवर गळ टाकणाऱ्याने असा रॉड घेतला तर दीड-दोन किलोंच्या माशाचा ओठ फाटायचाच.

एक हिशेब मात्र सगळेच चुकतात. गळाजवळच्या तारेच्या स्प्रिंगवर थापलेला ओला चारा मुठीएवढा झाला की ६०-७० ग्रॅम सहज भरतो. फेकायचं वजन म्हणजे शिसं अधिक तो गोळा. माझा पहिला रॉड असाच मोडला आणि बरेच दिवस मी कंपनीच्या नावाने बोटं मोडत होतो.

मरळ

मरळीपाशी आलं की वरचं सगळं उलटं होतं. तोंड हाडाचं, दात भरपूर, आणि राहते गवतात, शेवाळात, कमळाच्या पानांखाली. हवेतला श्वास घ्यायला तिला वर यावंच लागतं, म्हणून पृष्ठभागावरून ओढत आणलेला रबरी बेडूक तिच्यासाठी नामी आमिष. त्याचे दोन्ही गळ अंगाला चिकटून असतात. ते उघडे पडून कडक जबड्यात रुतायला जोरदार हिसका लागतो, आणि रुतल्यावर मासा गवतात शिरायच्या आत बाहेर ओढावा लागतो. मऊ रॉड इथे नुसता वाकत राहतो.

म्हणून साडेसहा ते सव्वासात फूट, हेवी, फास्ट, आणि त्यावर ५० पौंडांच्या आसपासची ब्रेडेड, म्हणजे विणलेली, दोरी. ब्रेडेड जवळजवळ ताणत नाही, तंगूस (नायलॉनची एकेरी दोरी) ताणतो. गवतातल्या मरळीला तंगुसावर हिसका मारणं म्हणजे रबर ओढण्यासारखं आहे. रोहूला नेमका उलटा न्याय: दोरी ब्रेडेड असेल तर रॉड आणखी मऊ हवा, नाहीतर झटका थेट ओठावर बसतो.

उघड्या पाण्यात, ८-१० ग्रॅमच्या स्पिनरवर मरळ धरणार असाल तर एवढा दणकट रॉड नको. मीडियम-हेवी पुरतो आणि दिवसभर फेकून खांदा शाबूत राहतो.

स्पिनिंग की बेटकास्टिंग

स्पिनिंग रील (दोरी गुंडाळायचं चाक) रॉडच्या खाली लटकतं. दोरी वेटोळ्यांनी सुटते म्हणून रॉडवरची, दोरी ओवायची पहिली कडी मोठी असते. हलकी आमिषं, नवखा हात, समोरून वारा, या तिन्हींत स्पिनिंगच बरं. बेटकास्टिंगमध्ये रील वर बसतं, कड्या लहान, आणि मुठीला बोटाला आधार देणारा घोडा असतो. जाड दोरी आणि जड आमिष त्यावर छान चालतं, नेमही चांगला बसतो. पण फिरकी अंगठ्याने वेळेवर थांबवली नाही तर दोरीचं घरटं होतं आणि निम्मा दिवस ते सोडवण्यात जातो. दोन्हींचे रॉड अदलाबदल करू नका. कड्यांची मापं आणि जागाच वेगळ्या असतात.

बास: कार्बन की काचतंतू

रॉडचा पदार्थ किती फरक पाडतो हे बासच्या मासेमारीत सगळ्यांत स्पष्ट दिसतं. तळावरून हळूहळू सरकवायचा रबरी किडा असेल तर आमिष दगडाला घासलं की माशाने तोंड लावलं, हे बोटांना कळलं पाहिजे. तिथे कार्बनचा फास्ट रॉड. तोच रॉड तीन तोंडांचे गळ लावलेल्या क्रँकबेटला (ओढताना थरथरत जाणारा नकली मासा) घातक ठरतो. हे गळ बारीक असतात, वरवर रुततात आणि कडक रॉडच्या ओढीने निसटतात. क्रँकबेटला काचतंतूचा किंवा मिश्र, मॉडरेट रॉड घ्यावा. मासा आमिष तोंडात घेईपर्यंत तो थोडा मागे राहतो, आणि मासा उसळला की मान हलवतानाचे झटके पोटात घालतो. दोन्ही रॉड ७ फुटी, दोन्हींवर मीडियम-हेवी लिहिलेलं, आणि कामं इतकी वेगळी.

कार्बन हलका आणि संवेदनशील असला तरी ठेच सहन करत नाही. दगडावर आपटून आलेला बारीक तडा दिसत नाही आणि पुढच्या मोठ्या माशाला रॉड तिथूनच जातो. काचतंतूचा रॉड जड आणि सुस्त, पण मुलांच्या हातात द्यायला किंवा होडीत इकडेतिकडे पडू द्यायला तोच बरा. आणखी एक, हे गमतीने घेऊ नका: कार्बनमधून वीज वाहते. वरून विजेच्या तारा जात असतील तिथे लांब रॉड उभा करू नका, आणि आभाळ गडगडायला लागलं की रॉड खाली ठेवून काठावरून बाजूला व्हा.

वाहतं पाणी: महसीर आणि ट्राउट

दोघेही वाहत्या पाण्यातले, पण रॉडच्या दृष्टीने दोन टोकं. महसीरच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात आणि त्यांच्या दाबाने कच्चे गळ चेपतात. पहिली धाव प्रवाहाच्या दिशेने, खडकांमधून. ८ ते ९ फूट, मीडियम-हेवी, १५ ते ५० ग्रॅम आणि मॉडरेट-फास्ट असा रॉड मला योग्य वाटतो: दोरी खडकांच्या वर धरता येईल इतका लांब, आणि धाव झेलताना कमान धरेल इतका दमदार. अगदी फास्ट रॉड नको, एवढ्या वेगाच्या धावेत तो दोरीला श्वास घेऊ देत नाही.

ट्राउटला ५ ते ६ फुटांचा अल्ट्रालाइट, १ ते ७ ग्रॅमचा. झाडं झुकलेल्या अरुंद ओढ्यात त्याहून लांब रॉड फांद्यांतच अडकतो.

फ्लाय रॉडचा हिशेब साफ निराळा. माशीसारख्या आमिषाला वजनच नसतं, म्हणून इथे दोरी फेकतात आणि आमिष तिच्या मागून जातं. रॉडचा नंबर म्हणजे दोरीचा नंबर: ५ नंबरच्या दोरीच्या पहिल्या ३० फुटांचं वजन १४० ग्रेन, साधारण ९ ग्रॅम, ८ नंबरचं २१० ग्रेन, साडेतेरा ग्रॅम. ट्राउटला ९ फुटी ५ नंबर, लहान ओढ्याला ३ नंबर, महसीरला ८ किंवा त्यावर. रॉडपेक्षा एखाद-दुसऱ्या नंबराने हलकी दोरी लावून ‘फ्लाय जमत नाही’ म्हणणारे बरेच भेटतात. जपानी तेनकारा याहून साधा: रील नाही, दोरी थेट टोकाला बांधलेली. लहान ट्राउटला फार मजेचा. मोठा मासा लागला तर सोडायला दोरीच नाही, हे मात्र धरून चाला.

मोठ्या कॅटफिशबद्दल फार विचार करायला नको. २ मीटरच्या वर वाढणारा युरोपातला वेल्स असो की नदीतला मोठा शिंगाळा, ९ ते १० फुटी, १०० ते ३०० ग्रॅमचा मिश्र रॉड घ्या आणि नाजूकपणा विसरा. पाइकला २० ते ८० ग्रॅमचा ८ फुटी पुरतो. त्याच्या दातांपुढे रॉडपेक्षा तारेचा तुकडा महत्त्वाचा.

एकच घ्यायचा असेल तर

७ फूट, मीडियम, मॉडरेट-फास्ट, ७ ते २८ ग्रॅम, दोन तुकड्यांचा, स्पिनिंग. याने उघड्या पाण्यातली मरळ, बास, लहान महसीर आणि काठाजवळचा दोन-तीन किलोंचा रोहू जमतो. गवतातला बेडूक, ओल्या चाऱ्याचा मोठा गोळा आणि ट्राउटचे २ ग्रॅमचे स्पिनर जमत नाहीत. दुसरा रॉड घेताना पहिल्याच्या जवळपासचा घेऊ नका. बसून मासे धरणारे असाल तर १२ फुटी फीडर, फिरत आमिष फेकणारे असाल तर हेवी फास्ट.

नळीसारखे मिटणारे टेलिस्कोपिक रॉड पिशवीत मावतात, म्हणून मोह होतो. त्यांच्या कड्या तुकड्यांच्या टोकांनाच असतात, त्यामुळे त्या नेमक्या हव्या तिथे बसत नाहीत, आणि सांध्यांत वाळू गेली की ते अडकतात. प्रवासासाठी चार तुकड्यांचा रॉड थोडा महाग पडला तरी तोच घ्या.

वापरलेला रॉड स्वस्तात मिळत असेल तर पैसे देण्याआधी कापसाचा बोळा प्रत्येक कडीच्या आतून फिरवा. धागे अडकले तर तिथे चीर आहे आणि ती ब्रेडेड दोरी कापणार. कडी बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. मग तुकडे जोडून सांधा बोटांनी हलवा. किंचित खटखट झाली तरी मी तो रॉड परत ठेवतो.