आठ महिने बास गिटार वाजवल्यावर सांगतो: घेण्याआधी जी (G) तारेचा पाचवा फ्रेट नक्की वाजवून बघा

आठ महिने झाले बास घेऊन. चार तारा, ३४ इंच स्केल (तारेची वाजणारी लांबी), स्प्लिट पिकअप (तारेचं कंपन पकडणारं, दोन भागांत विभागलेलं चुंबकी यंत्र), पॅसिव्ह (बॅटरीशिवाय चालणारा), म्हणजे नेहमीचा प्रिसिजन बासच्या धर्तीचा. स्पेक्स सगळ्यांना माहीत असतात, त्यात वेळ घालवत नाही. पहिले दोन-तीन महिने मी इतका खूश होतो की तेव्हा लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुकच लिहिलं असतं, बरं झालं थांबलो.

झालं असं की एका संथ गाण्याची तालीम चालू होती आणि त्यात सी चा सूर पूर्ण चार मात्रा धरायचा होता. मी तो जी तारेवर, म्हणजे सगळ्यात बारीक तारेवर, पाचव्या फ्रेटला (दांड्यावरच्या धातूच्या पट्टीला) घेतला आणि दोन मात्रांतच सूर गेला. आवाज एकदम बंद झाला असं नाही, खालचा भरीव भाग गळून पडला आणि मागे एक बारीक, सप्तकभर वरचा आवाज तेवढा राहिला. ड्रमवाला म्हणाला, अरे थांबलास का? मी थांबलो नव्हतो, बोट तिथेच दाबलेलं होतं.

घरी येऊन आधी तार जुनी झाली असेल म्हणून अख्खा सेट बदलला. तोच प्रकार. मग पिकअपचं चुंबक तार ओढत असेल म्हणून पिकअप खाली केला, काही फरक नाही. मग सेटअप करून घेतला, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) बाराव्या फ्रेटला २ मिमीच्या वर नेली, तरी पाचव्या फ्रेटचा सी मेलेलाच. चौथ्या फ्रेटचा बी छान घुमतो, सातव्याचा डी पण घुमतो, मधेच हा एक खड्डा. चांगल्या तारा उगाच काढून फेकल्या याचं मला अजून वाईट वाटतं, कारण बासच्या तारा काही दर महिन्याला बदलायची गोष्ट नाही.

दुकानात घेऊन गेलो तर त्यांनी ॲम्पला लावला, ई तारेवर (सगळ्यात जाड) दोन रिफ, म्हणजे छोट्या सुरावली, वाजवल्या आणि म्हणाले, वाजतोय की मस्त. मी म्हटलं जी तारेवर पाचवा फ्रेट धरा आणि हात सोडू नका. धरला, सूर गेला, त्यांनाही कळलं, पण उत्तर काय, तर हे वॉरंटीत येत नाही, असे सगळेच असतात. असे सगळेच असतात तर विकताना एकदा सांगायला काय हरकत होती? मला राग त्या सुराचा नाही आला, या उत्तराचा आला.

नंतर एका जुन्या रिपेअरवाल्या काकांनी नीट समजावलं. ते म्हणाले, बाळा, तार हलते तसा नेकही (तारा दाबायचा लांब दांडा) हलतो, आणि नेकची स्वतःची एक कंपनसंख्या असते. मोकळी जी तार ९८ हर्ट्झची, पाचव्या फ्रेटला ती १३१ च्या आसपास जाते, आणि तुझा नेक नेमका तिथेच डोलतो. मग तारेची ताकद नेक पिऊन टाकतो, सुरासाठी काही उरतच नाही. याला डेड स्पॉट म्हणतात, आणि लांब नेकच्या बासवर तो बहुतेक वेळा जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटमधेच सापडतो, महागातला असला तरी. तोच सी हा सूर डी तारेवर दहाव्या फ्रेटला घेतला तर व्यवस्थित टिकतो, कारण तिथे नेक बॉडीच्या जवळ असतो आणि तेवढा हलत नाही.

त्यांनी माझ्यासमोर हेडस्टॉकला (नेकच्या टोकाचा खुंट्यांचा भाग) मऊ कापड गुंडाळलं आणि वर एक छोटा लोखंडी क्लॅम्प घट्ट बसवला. पुन्हा पाचवा फ्रेट. सूर टिकला! पूर्ण चार मात्रा नाही, पण तीन नक्की. नेकच्या टोकाला वजन वाढलं की नेकची कंपनसंख्या खाली येते आणि खड्डा खालच्या फ्रेटकडे सरकतो, माझा आता चौथ्याजवळ आलाय पण बराच उथळ झालाय. मी तीन आठवडे ज्याला बिघाड म्हणत होतो तो बिघाड नव्हताच, लाकडाचा स्वभाव होता, त्यामुळे परत करायचा विचार सोडून दिला.

म्हणून घेताना एवढं कराच: शांत खोलीत, आधी ॲम्पशिवाय, चारही तारांवर पहिल्यापासून बाराव्या फ्रेटपर्यंत एकेक सूर वाजवा आणि प्रत्येक सूर मरेपर्यंत धरून ठेवा. रिफ वाजवू नका, रिफमधे काहीच कळत नाही. एकाच मॉडेलचे दोन पीस असतील तर दोन्ही वाजवा, लाकूड वेगळं म्हणजे खड्डाही वेगळा, आणि ज्याचा कमी खोल तो घ्या, रंग आवडला नाही तरी.

बाकी गोष्टी पटकन सांगतो. तिसऱ्या फ्रेटला तार दाबून पहिल्या फ्रेटवर बघा, कागद जेमतेम जाईल एवढीच फट हवी, जास्त असली तर नटच्या (हेडस्टॉकजवळची, तारा बसतात ती पट्टी) खाचा उंच आहेत आणि पहिल्या दोन फ्रेटवर सूर चढे येणार. ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई) फिरतो का हे दुकानातल्या माणसालाच पाव फेरा फिरवून दाखवायला सांगा, कारण हवा बदलली की नेक वाकतो आणि तेव्हा रॉड आधीच शेवटाला गेलेला असेल तर पुढे करण्यासारखं फार काही राहत नाही. पट्टा लावून उभे राहा आणि हात सोडा, हेडस्टॉक खाली जात असेल तर डाव्या हाताला कायमचं ओझं. जॅक (केबल लावायची जागा) हलवून बघा, खरखर आली तर तिथेच दाखवा. ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणारा) बास घेत असाल तर केबल काढून ठेवायची सवय लावा, लावलेली राहिली की ९ व्होल्टची बॅटरी आपोआप संपते.

पिकअपबद्दल मात्र माझी एक तक्रार नाही. स्प्लिट कॉइल असल्याने गुणगुण नाही, टोनचा नॉब अर्धा बंद केला की आवाज जाड आणि गोल येतो, आणि ई तार तर अशी वाजते की छातीत जाणवतं. क्लॅम्प सध्या हेडस्टॉकवरच आहे. त्या संथ गाण्यात सी मी आता डी तारेच्या दहाव्या फ्रेटला घेतो, चारही मात्रा पूर्ण मिळतात.