अबार्थ पुंटो 2016 : चौदा महिने, चौदा हजार किलोमीटर आणि रबराचा हिशोब

गाडी 2016ची, मी घेतली 2024च्या दसऱ्याला. तेव्हा मीटरवर 43 हजार होते, आज 57 हजार झालेत. घेतल्या घेतल्या लिहायचं मुद्दाम टाळलं होतं कारण नवीन गाडीचं कौतुक पहिल्या महिन्यात सगळेच करतात. एक अख्खा पावसाळा, एक उन्हाळा, आणि खिशातून गेलेले पैसे सगळं धरून आता लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अबार्थ हा फियाटचा वेगवान गाड्यांचा ब्रँड. फियाटने ऑक्टोबर 2015 मध्ये ही काढली, साध्या पुंटोच्याच बॉडीत 1.4 टी-जेट टर्बो पेट्रोल इंजिन, 145 बीएचपी, 212 एनएम टॉर्क, पाच गिअरचा मॅन्युअल, चारही चाकांना डिस्क ब्रेक. तेव्हा दिल्ली एक्स-शोरूम 9.95 लाख होती. दहा लाखाच्या आत एवढी ताकद तेव्हा दुसरं कोणी देत नव्हतं. दोन दरवाजे नाहीत, टप खाली होत नाही, म्हणून कुणी स्पोर्ट्स कार म्हणणार नाही, म्हणू नका. मागच्या सीटवर आई बसते, डिकीत भाजी बसते, आणि रविवारी सकाळी साडेपाचला नाशिकच्या पेठ रोडला लागली की ती जे काही असते त्याला माझ्याकडे दुसरा शब्द नाही.

शोधायला सात महिने गेले. या गाड्या मुळातच कमी विकल्या गेल्या, त्यात धड राहिलेल्या अजून कमी. मुंबईत एक बघितली, दिसायला चकाचक, विकणारा म्हणाला डॉक्टरांची गाडी आहे, फक्त हॉस्पिटल ते घर चालली. बॉनेट उघडलं, कूलंटच्या टाकीचं झाकण फिरवलं आणि आत बघितलं तर चॉकलेटी लगदा. या इंजिनात लाल कूलंट असतं. कुणीतरी वरून हिरवं ओतलं होतं, दोन वेगळ्या जातीची कूलंट मिसळली की असा गाळ तयार होतो आणि तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. झाकण लावलं, नमस्कार केला, निघालो. दुसरी ठाण्याची, तिला रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवणं) केलेला होता आणि मालकाला स्वतःलाच माहीत नव्हतं कुणी केला, कधी केला. ताकद वाढवणं वाईट नाही पण ज्याचा कागद नाही त्या ट्यूनवर मी पैसे लावणार नाही.

तिसरी पुण्यात कोथरूडला मिळाली. एकच मालक, पोरगा नोकरीला बाहेर चालला होता. त्याला आदल्या दिवशी फोन करून सांगितलं की उद्या आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नको, मला थंड इंजिन सुरू होताना ऐकायचंय. माझ्यासोबत आमचे मिस्त्री होते, नाशिकला मुंबई नाक्याच्या बाजूला गॅरेज आहे, आम्ही सगळे त्यांना चाचाच म्हणतो. तीस वर्षं फियाट उघडतायत, प्रीमियर पद्मिनीपासून. चाचांनी गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवला, थंड होतं, मगच चावी मागितली. पोराने फाईल काढली, प्रत्येक सर्व्हिसचं बिल, तारखेप्रमाणे लावलेलं. मी खूश, मीटर बघतोय, 43 हजार म्हणजे काहीच नाही. चाचा तोपर्यंत खाली वाकून टायर वाचत होते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. त्यांनी बोट ठेवून दाखवलं, 0816. म्हणजे 2016च्या आठव्या आठवड्यात बनलेले, कंपनीतून आलेले तेच टायर, खाचा अजून चांगल्या होत्या पण बाजूला बारीक बारीक चिरा, जुन्या पावसाळी चपलेला पडतात तशा.

चाचा म्हणाले, "दादा, किलोमीटर नका बघू, रबर बघा. लोखंड थांबून राहतं, रबर उभ्या गाडीतपण म्हातारं होतं."

पुढचे चौदा महिने मी या एका वाक्याचीच बिलं भरली आणि तक्रार अजिबात नाहीये, कारण त्यांनी ते व्यवहाराच्या आधी सांगितलं होतं. त्याच जागी बसून त्यांनी यादी केली, टायर, टायमिंग बेल्ट (व्हॉल्व आणि पिस्टनची चाल जुळवून ठेवणारा रबरी पट्टा), होजपाईप, सस्पेन्शनचे बुश (जोडांमधले रबर), आणि ती यादी दाखवून मी भाव केला. पोरगा समजूतदार, त्याने ऐकलं. 5 लाख 40 हजारला सौदा झाला.

कागदांचं लवकर उरकतो. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, लोन असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35, यातला एक कागद जरी मागे राहिला तरी पुढे महिनोन्‌महिने लटकता. दोन गोष्टी लोक विसरतात. विमा आपल्या नावावर करायचा अर्ज 14 दिवसांत द्यायचा असतो, आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याचा असतो, त्यामुळे हप्त्यातला फरक भरायची तयारी ठेवा. नंबर एमएच-12च राहिला, राज्य तेच म्हणून बदलायची गरज नाही.

पुण्याहून सरळ नाशिकला आलो नाही. आधी नगर रोडने रांजणगाव. ही गाडी रांजणगावच्याच एमआयडीसीतल्या प्लांटमध्ये तयार झाली, म्हटलं जिथे जन्मली तिथल्या महागणपतीला आधी नेऊ. नारळ फोडला, बोनेटला हळदकुंकू लावलं, मग शिक्रापूर चाकण करत नाशिक रस्ता पकडला. चंदनापुरी घाटात पहिल्यांदा तिला तिसऱ्या गिअरमध्ये मोकळी सोडली. आमचे अण्णा शेजारी बसले होते, त्यांनी आयुष्यभर जीप चालवली, त्यांनी फक्त एकदा दाराचं हँडल धरलं आणि थोड्या वेळाने म्हणाले, "स्टेअरिंग खरं आहे हिचं."

आणि तेच खरं आहे. हायड्रॉलिक स्टेअरिंग आहे, आजकाल जवळपास सगळ्यांना इलेक्ट्रिक असतं. पार्किंग करताना जड लागतं, नाशिकच्या सीबीएस बसस्टँडच्या मागच्या गल्लीत तीन वेळा पुढे मागे केलं की खांदा सांगतो, पण घाटात पुढच्या चाकाखाली डांबर संपून खडी लागली तर ते हाताला कळतं. सावळघाटात सकाळी धुकं असतं, रस्ता ओला, आणि वळणात शिरताना चाक किती धरतंय याची बातमी तळहातावर येत राहते. दोन हजार आरपीएमच्या खाली इंजिन झोपलेलं असतं, गर्दीत अंगावर घेऊन चालवायला कंटाळवाणं आहे हे मान्य करतो, पण अडीच हजाराला काटा गेला की जी ओढ येते, स्टेअरिंग किंचित डावीउजवीकडे खेचतं, दोन्ही हात लागतात. मला हे फार आवडतं. सात महिने शोधलं ते याच्यासाठीच.

आता खर्च. पहिल्या आठवड्यात चारही टायर, 195/55 आर 16, बसवून 31 हजार. दुसऱ्या आठवड्यात टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र, मजुरी धरून साडेएकवीस हजार. इथे बऱ्याच जणांनी मला वेड्यात काढलं, म्हणे 43 हजारला कोण बेल्ट बदलतं. पण बेल्ट आठ वर्षांचा होता, तुटला तर व्हॉल्व पिस्टनवर आपटतात आणि मग हेड उतरवायचं म्हणजे या गाडीत किंमतीच्या चौथाईची गोष्ट. जुना बेल्ट चाचांनी हातात दिला, उलटा वाकवला तर दातांच्या मुळाशी केसासारख्या रेघा उघडल्या. तो मी ठेवलाय घरात.

बाकीचं सलग सांगतो. कूलंटचे होज आणि फ्लशिंग 9 हजार, पुढचे लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड आणि स्ट्रट माउंट मिळून 19 हजार, बॅटरी साडेसहा, ऑइलची सर्व्हिस दोनदा झाली प्रत्येकी साडेसहा (मी साडेसात हजार किमीला बदलतो, फुल सिंथेटिक 5डब्ल्यू-40, टर्बोच्या गाडीत ऑइलवर पैसे वाचवू नका, टर्बोचं बेअरिंग त्याच तेलावर तरतं). इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणारा भाग) होज साडेसात आणि अलॉय (चाकाची रिम) सरळ करायला अडीच. बेरीज एक लाख दहा हजार. पेट्रोल आणि विमा वेगळा. म्हणजे किंमतीच्या वीस टक्के पहिल्या वर्षात वर गेले, आणि ही चांगली सांभाळलेली गाडी होती. कुणी 5 लाखाचं बजेट घेऊन जुनी टर्बो बघत असेल तर 4 ची बघा, एक लाख बाजूला बांधून ठेवा.

इंटरकूलरच्या होजचं जरा सविस्तर, कारण हे बऱ्याच टर्बोवाल्यांच्या नशिबी येतं. एप्रिलमध्ये मुंबईहून येताना कसारा घाट चढत होतो, एसी चालू, चौघं बसलेले, आणि तिसऱ्यात पाय दाबला तर नुसती शिट्टी. कुकरची शिट्टी पडायच्या आधी जो वाफेचा आवाज असतो तसा. ओढ गायब, मागे आरशात काळपट धूर. इगतपुरीत एका टपरीजवळ थांबलो, बॉनेट उघडलं, वरून सगळं जागच्या जागी. इंजिन लाइट पण नाही. बायकोने पर्समधला छोटा आरसा दिला, तो होजच्या खालून धरला आणि क्लिपच्या बरोबर कडेला नखाएवढी चीर दिसली. इंजिन बंद असताना चीर मिटलेली, हवेचा दाब आला की उघडणार, त्यामुळे नुसत्या डोळ्याने कधीच सापडली नसती. टर्बो जी हवा दाबून इंजिनला देतोय ती तिथूनच बाहेर जात होती. नाशिकपर्यंत हळू आणलं, दोन हजाराच्या वर काटा नेला नाही.

आणि इथे नाशिकला राहण्याचा फायदा कळतो. कंपनीचा होज दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या बाजारातून मागवला तर तीन आठवडे लागतील म्हणाले. चाचांनी अंबडच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये पाठवलं, तिथे कारखान्यांसाठी रबराचे आणि सिलिकॉनचे पाईप बनवतात. तिथल्या माणसाने जुना होज हातात घेतला, आतून बोट फिरवलं, व्हर्नियर लावून दोन्ही तोंडं मोजली आणि चार थर कापडाचा सिलिकॉन होज पाच दिवसांत करून दिला. आठ महिने झाले, घाम पण फुटलेला नाही. बुश प्रेस करायला, अलॉय सरळ करायला, बोल्ट टर्न करायला आपल्याकडे सातपूर अंबडमध्ये माणूस सापडतो. शोरूमच्या भरवशावर ही गाडी चालत नाही, अशा माणसांच्या भरवशावर चालते. फियाटने भारतात गाड्या विकणं बंद करून वर्षं झाली, सर्व्हिस आणि पार्ट त्याच गटातल्या जीप कंपनीच्या वर्कशॉपमधून बघितले जातात, फिल्टर वगैरे मिळतात. सस्पेन्शनचं बरंच सामान साध्या पुंटो आणि फियाटच्याच लिनियाचं चालतं. पण अबार्थचं खास, म्हणजे बंपरची स्कर्टिंग, ते विंचवाचे अलॉय, हे जिथे दिसेल तिथे घेऊन ठेवा. मी एक जादा अलॉय घेऊन ठेवलाय.

अलॉय वाकला तो जुलैत. पाणी भरलेला खड्डा, रात्रीची वेळ, दिसलाच नाही. ग्राउंड क्लिअरन्स 155 मिमी आहे, शहरातल्या स्पीडब्रेकरला घासत नाही, पण कमी उंचीचे टायर आणि कडक सस्पेन्शन यामुळे खड्डा थेट रिमला लागतो. पावसाळ्यात मी हवा दोन पॉइंट जास्त ठेवत होतो. आता कंपनीने सांगितलीय तेवढीच ठेवतो.

अजून एक गोष्ट, स्कॅनर. साधा बाजारातला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून दोष वाचायचं यंत्र) अर्धवट माहिती देतो. फियाटसाठी मल्टीइसीयूस्कॅन म्हणून लॅपटॉपचं सॉफ्टवेअर आहे, योग्य केबल घेतली की टर्बोचा प्रेशर, इग्निशन, एबीएस सगळं वाचता येतं. घेण्याआधी पुण्यात आम्ही तेच लावलं होतं. आपल्या गावात कुणाकडे आहे ते शोधून ठेवा.

मायलेज नाशिक शहरात नऊ ते दहा, हायवेला तेरा. समृद्धीला गोंद्याहून चढलो तर 100 ला पाचव्यात शांत चालते, चौदापर्यंत गेलीय. तिथे 120 ची मर्यादा आहे आणि मी पाळतो. सरळ काँक्रीटवर तास दोन तास टायर तापत राहतात, या वयाच्या गाडीत टायर आणि हवा तपासल्याशिवाय मी तिथे चढत नाही. ते 0816 वाले टायर घालून कुणी समृद्धीला गेलं असतं या विचाराने अजून पोटात गोळा येतो.

सवयी बदलल्या काही. सकाळी चालू केली की पहिले दोन तीन किलोमीटर कॉलेज रोडने हळूच, तेल गरम होईपर्यंत टर्बोला हात लावत नाही. घाट चढून आल्यावर लगेच चावी बंद करत नाही, मिनिटभर चालू ठेवतो. आई आता स्वतःच सांगते, "थांब रे, तिला दम खाऊ दे." उन्हाळ्यात गाडी सावलीत लावायची धडपड करतो, दाराच्या रबर बीडिंगला महिन्यातून एकदा सिलिकॉन स्प्रे लावतो, त्यामुळे या पावसाळ्यात त्र्यंबकच्या पावसात एक थेंब आत आला नाही.

सध्या क्लच. अजून घसरत नाही पण उचल जरा वर आलीय, पेडल जवळपास पूर्ण सोडलं की मग गाडी हलते. चाचांनी परवा एक चक्कर मारली, काच खाली करून ऐकलं, म्हणाले अजून चार पाच हजार जाईल पण किट आत्ताच मागवा, मिळतंय तोवर घ्या. मागवलंय. पुढच्या आठवड्यात येईल, मग गिअरबॉक्स उतरणारच आहे तर मागचा क्रँक सील (इंजिनच्या मागच्या टोकाला तेल अडवणारा) पण बदलून घेतोय, तोही रबराचाच.