वेलनेस पॅकेज की आजारी सहकाऱ्यांचा पाठपुरावा?

कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी बजेट मंजूर झालं की एचआरकडे साधारण दोन तऱ्हेची कोटेशनं येतात. एकात सगळ्यांसाठी ॲप, पावलं मोजायची स्पर्धा, योगाचे वर्ग. दुसऱ्यात मधुमेह, बीपी, दमा असलेल्यांचा नर्सकडून नियमित पाठपुरावा. पैसे मोजकेच असतील तर ते या दुसऱ्या प्रकारात घाला, असं माझं ठाम मत आहे.

पहिल्या प्रकाराची कडक परीक्षा अमेरिकेतल्या बीजेज होलसेल क्लब या दुकानांच्या साखळीत झाली. १६० ठिकाणांपैकी २० ठिकाणं सोडतीने निवडून तिथे आहार, व्यायाम, ताणतणाव यांवर कार्यक्रम राबवले. २०१९मध्ये दीड वर्षाचे निष्कर्ष आले. ‘मी व्यायाम करतो’ म्हणणारे वाढले, पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल, गैरहजेरी, उपचारांचा खर्च यांत लक्षणीय फरक नव्हता. इलिनॉय विद्यापीठाच्या अभ्यासात तर भाग घेणाऱ्यांचा उपचारखर्च आधीपासूनच कमी होता. त्यामुळे व्हेंडरने ‘सहभागी विरुद्ध बाकीचे’ असा तक्ता पुढे केला तर भुलू नका.

पेप्सिकोच्या कार्यक्रमाचा अभ्यास २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. जुनाट आजारांच्या पाठपुराव्यावर घातलेल्या एका डॉलरमागे सुमारे ३.८० डॉलर वाचले, जीवनशैलीच्या भागात जेमतेम अर्धा. हा सोडतीचा प्रयोग नव्हता, हेही लक्षात घ्या. शिवाय आपला ग्रुप मेडिक्लेम मुख्यतः ॲडमिट झाल्यावरचा खर्च देतो, रोजच्या गोळ्यांचा सहसा नाही. तेव्हा एवढ्या बचतीची अपेक्षा इथे धरू नये.

तरी मी पाठपुराव्याच्याच बाजूने आहे, कारण गरज तिथे आहे. कॅन्टीनमध्ये तपासणी शिबिर होतं, साखर वाढलेली निघते, रिपोर्ट मेलवर येतो आणि पुढे कोणी विचारत नाही. दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्या ऑपरेटरने जेवणासोबतची गोळी नेमकी कधी घ्यायची? रात्रपाळीला त्याचं जेवण दोन वाजता, तेही वडा-पाव आणि गोड चहा. त्याला ॲपपेक्षा गोळ्यांच्या वेळा बसवून देणारी नर्स हवी, डॉक्टरकडे जायला भरपगारी दोन तास हवेत आणि पाळ्यांचं वेळापत्रक महिनाभर आधी हवं. यातल्या शेवटच्या गोष्टीला फारसा खर्चही नाही.

योगाचा वर्ग लोकांना आवडत असेल तर चालू ठेवा, त्याने खर्च वाचेल म्हणून नव्हे. करारात मात्र दोन अटी लिहून घ्या: व्हेंडरने सहा महिन्यांनी किती जण पाठपुराव्यात टिकले ते सांगायचं आणि कोणाचाही वैयक्तिक रिपोर्ट एचआरकडे येता कामा नये. दुसऱ्या अटीला नकार मिळाला तर ते कोटेशन बाजूला ठेवा. बढती अडेल या भीतीने खरे आजारी लोक पुढेच येणार नाहीत.