शंभरावा भाग दाखवणारं स्टॉपवॉच: एक हंगाम गळ्यात बाळगून

आमच्या हायस्कूलच्या खेळाच्या कपाटातलं स्टॉपवॉच कुरकुरायला लागलं, म्हणून हे तीन बटणांचं, दहा लॅप, म्हणजे दहा फेऱ्यांच्या वेळा, साठवणारं घड्याळ मी स्वतःच घेतलं. धावण्याचा पूर्ण हंगाम ते गळ्यात होतं, तेव्हा आता बोलायला हरकत नाही.

स्टार्ट-स्टॉपचं बटण झकास आहे. दाबलं की बोटाला बारीकसा 'टक्' कळतो. लागलं की नाही ते बघायला मान खाली घालावी लागत नाही, नजर शेवटच्या रेषेवरच राहते. शंभर मीटरला हेच हवं असतं. वेळ थांबवायची ती धड रेषेवर आल्यावर. डोकं किंवा हात आधी पोचला तर तो धरायचा नाही. पोरं रेषेपाशी हात फेकतात ती उगाच.

आता लॅपचं बटण. ते इतकं हलकं आहे की घड्याळ गळ्यात लोंबत असताना शिट्टीचा धक्का लागला तरी दाबलं जातं. आमचं मैदान दोनशे मीटरचं, म्हणजे पंधराशेला साडेसात फेऱ्या. नववीतल्या एका मुलीची चाचणी झाल्यावर फेऱ्या वाचून दाखवायला लागले, तर मधलीच एक फेरी तीन सेकंदांची! "मॅडम, मी उडत होते का?" तिने अगदी गंभीरपणे विचारलं. शिवाय तीन हजारला पंधरा फेऱ्या होतात आणि घड्याळाची आठवण दहाव्या फेरीला संपते. नेमक्या दमछाकीच्या फेऱ्या वहीत लिहून घ्याव्या लागतात.

उन्हात आकडे स्वच्छ दिसतात. पण एकदा काळा पोलराइज्ड गॉगल लावून उभी राहिले आणि पडदा काळाठिक्कर. सेल गेला असं समजून भर स्पर्धेत दुसरं घड्याळ मागवलं. गॉगल कपाळावर सरकवला, तर आकडे पळतच होते. हा दोष घड्याळाचा नाही. तसल्या पडद्याचं आणि तसल्या काचेचं ठरावीक कोनात जमत नाही.

खोक्यावर '१/१०० सेकंद' ठळक छापलंय, त्याला मात्र भुलू नका. घड्याळ शंभरावा भाग मोजतं, माझं बोट मोजत नाही. म्हणून तर हाताने घेतलेली शंभर मीटरची वेळ पुढच्या दशांशावर चढवून लिहायची असा नियम आहे: १२.३१ आलं तरी कागदावर १२.४. दरवर्षी नवीन पोरं यावर भांडतात. त्याहून मोठी गफलत सुरुवातीला होते. शंभर मीटरवरून क्लॅपरचा, म्हणजे धाव सुरू करायला आपटतात त्या दोन फळ्यांचा, आवाज पोचायला जवळजवळ ०.३ सेकंद लागतात. आवाज ऐकून बटण दाबलं तर तेवढी सूट फुकट, आणि चांगला धावणारा तेवढ्यात दोन मीटरहून जास्त पुढे जातो. त्यामुळे फळ्या एकमेकींवर आदळताना दिसल्या की दाबायचं, कान बंद ठेवून. आमच्या एका मुलाची सरावातली भारी वेळ स्पर्धेत कधीच आली नाही. तो बिचारा स्वतःला दोष देत राहिला. सरावात घड्याळ कोणाच्या हातात होतं ते मी नंतर विचारलं. मदतीला बसवलेला दहावीतला मुलगा, आवाजावर दाबणारा. त्याला ते सांगायचं राहिलं होतं माझ्याकडून.

पाचापैकी साडेतीन तारे. अर्धा लॅपच्या बटणाचा कापला, एक त्या दहाच्या आठवणीचा. तरी दुसरं हेच मागवलंय, कारण पहिल्या नंबराला तीन घड्याळं लावायची असतात: दोन जुळली तर ती वेळ, तिन्ही वेगळी आली तर मधली. तिसरं म्हणून कपाटातलंच जुनं चालवतेय. त्याचं रिसेट अडकतं, पेनाच्या टोकाने दाबावं लागतं.